लेन्स थकलेल्या प्लेस्टेशन २ साठी साठवण आणि नेटवर्कची निवड: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बहीण-भावाच्या जुन्या गेम कन्सोलचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यंत्र, जोडण्या, चुका आणि निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. बहिणीला मी ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

यंत्र होतं प्लेस्टेशन २ चं बारीक रूप, एससीपीएच-७७००० मालिकेतलं. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि बारीक मॉडेल २००४ मध्ये. दोघांमधला एक फरक या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. जाड मॉडेलच्या पाठीमागे एक कप्पा असतो. त्यात नेटवर्क अडॅप्टर बसवला की इथरनेटची, म्हणजे नेटवर्कच्या वायरीची, जागाही मिळते आणि आत आयडीई (जुन्या संगणकांत असायची तशी) हार्ड डिस्कही लावता येते. बारीक मॉडेलमध्ये इथरनेट मुळातच बसवलेलं आहे, पण तो कप्पा गेला आणि हार्ड डिस्कची सरळ वाटही गेली. जुन्या जाड यंत्रांवरचं आयलिंक हे आणखी एक जोडणीचं पोर्टही यात नाही. उरतात दोन यूएसबी पोर्ट, एक इथरनेट पोर्ट आणि मेमरी कार्डाच्या दोन खाचा. जे काही करायचं ते एवढ्यावरच.

ताईकडे स्वतःच्या २३ डिस्क होत्या आणि एक ८ एमबीचं मेमरी कार्ड. त्या कार्डात तिच्या भावाचा फुटबॉलच्या गेममधला सेव्ह होता, लीगचा आठवा हंगाम अर्ध्यावर सोडलेला. भाऊ सहा आठवड्यांनी काही दिवस राहायला येणार होता. ताईनं मला बोलावून एवढंच सांगितलं, "तो यायच्या आत हे चालू कर. आणि ते कार्ड जपून. बाकी काही गेलं तरी चालेल, कार्ड नाही."

अडचण

डिस्क वाचणारी लेन्स थकली होती. निळ्या पाठीच्या सीडी ती वाचतच नव्हती. डीव्हीडी कधी वाचायची, कधी "डिस्क वाचता येत नाही" म्हणून थांबायची. मी लेन्स साफ केली, सरकपट्टीला वंगण दिलं. दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच.

लेन्सचा पूर्ण भाग बदलणं हा पहिला पर्याय होता, आणि तो मी मनापासून सुचवला. गेम ज्या ड्राइव्हसाठी लिहिले गेले त्याच ड्राइव्हवर ते सगळ्यात निर्धास्त चालतात. पण आज मिळणारे भाग बहुतेक वेळा दुसऱ्या यंत्रातून काढलेले किंवा नकलेचे असतात, आणि त्यांचं आयुष्य किती हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय डिस्कही म्हाताऱ्या झाल्या होत्या. ताई म्हणाली, "लेन्स नवी आणलीस तरी ओरखडे तेच राहणार." तिचं म्हणणं बरोबर होतं. डिस्कची प्रत काढून ती दुसरीकडून चालवायची, असं ठरलं.

प्रती काढणं सोपं गेलं. प्लेस्टेशन २ च्या डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर वाचता येतात. डीव्हीडीची थेट आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल होते, सीडीची आधी बिन-क्यू ही फाइलींची जोडी निघते आणि मग तिचं रूपांतर करावं लागतं. २३ पैकी ३ डिस्क शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. त्या बाजूला ठेवल्या.

कन्सोलनं डिस्कशिवाय सुरू व्हावं म्हणून फ्री एमसी बूट हा प्रोग्राम असलेलं वेगळं मेमरी कार्ड माझ्या यंत्रावर तयार केलं. हे ७७००० वर चालतं. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या यंत्रांमध्ये, ज्यांचा बूट रॉम (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) २.३० आहे, तिथे ती वाट बंद आहे. दुसरं काही करण्याआधी यंत्राच्या पाठीवरचा आकडा वाचून घ्यावा तो यासाठीच. डिस्कऐवजी प्रतीवरून गेम चालवायला ओपन पीएस२ लोडर, म्हणजे ओपीएल, हा प्रोग्राम घेतला.

एक गोष्ट मी सगळ्याच्या आधी केली आणि ती केल्याचं आजही बरं वाटतं. यूलाँचईएलएफ हा फाइली हलवायचा प्रोग्राम वापरून भावाच्या कार्डातले सगळे सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि त्याची आणखी एक प्रत संगणकावर ठेवली. त्यानंतरच बाकीच्या कामाला हात लावला.

पहिला प्रयत्न आणि त्यातली चूक

गेमच्या प्रती भरून मी कन्सोलला पेन ड्राइव्ह लावला. कारण एवढंच की तो हाताशी होता. कुठला गेम काय मागतो, हे मी विचारलंच नाही. या प्रकरणातली माझी पहिली मोठी चूक ती.

प्लेस्टेशन २ चं यूएसबी १.१ प्रकारचं आहे. त्याचा कागदावरचा वेग १२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. प्रत्यक्षात १ एमबीच्या आसपास हाती लागतं. पेन ड्राइव्ह कितीही नवा घेतला तरी यात फरक पडत नाही, कारण अडथळा पोर्टमध्ये आहे. कन्सोलचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह चौपट वेगाचा, म्हणजे कमाल सेकंदाला सुमारे साडेपाच एमबी देणारा. गेम लिहिणाऱ्यांनी हिशेब त्या वेगाचा धरला होता.

ताईला खरोखर खेळायचे होते ते तीन गेम. फुटबॉल सामना सुरू होताना भरपूर वाचतो आणि मग मैदानावर जवळपास शांत असतो. पेन ड्राइव्हवर तो लोड व्हायला वेळ घ्यायचा, पण एकदा सुरू झाला की छान चालायचा. समालोचनाचा आवाज तेवढा अधूनमधून अडखळायचा. दुसरा होता गाड्यांच्या शर्यतीचा. शर्यत संपेपर्यंत त्याला फारसं काही लागत नव्हतं. तिसरा कथेचा मोठा गेम, दोन थरांच्या डीव्हीडीवरचा आणि चित्रफितींनी भरलेला. तिथे सगळं बिनसलं. समजा एखादी चित्रफीत ६ मेगाबिटनं वाहते आहे. एमबीत हा आकडा पाऊणच भरतो. पण त्याच्या जोडीला आवाजाचा प्रवाह आणि मधूनमधून डिस्कवरच्या दुसऱ्या जागी मारलेल्या उड्या मिळवल्या की १ एमबीची वाट तुडुंब भरते. चित्र दोन सेकंद चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आवाज पुढे, ओठ मागे.

पेन ड्राइव्हच्या दोन कटकटी आणखी होत्या. एफएटी३२ या ड्राइव्ह फॉरमॅट करण्याच्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, म्हणून हा मोठा गेम मी यूएसबीयूटिल या प्रोग्रामनं तुकड्यांत कापून ठेवला. नंतर लक्षात आलं की ओपीएलच्या नव्या आवृत्त्या एक्सफॅट ही मोठ्या फाइली सामावणारी पद्धत वाचतात आणि कापाकापीची गरजच नव्हती. दुसरी कटकट विखुरलेल्या फाइलींची. एकच ड्राइव्ह पुन्हा पुन्हा पुसून भरला की फाइल सलग जागेत बसत नाही आणि गेम सुरू व्हायलाच नकार देतो. ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करून गेम एकेक करून, मधे काही न पुसता, भरले की हे मिटतं.

पर्यायांची तुलना

यानंतर मी ताईसमोर कागद घेऊन बसलो. आता प्रश्न वेगळ्या पद्धतीनं मांडला. गेम एकदम ओंजळभर मागतो की धारेसारखा सतत मागतो? आणि रोज हे चालू कोण करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताई होतं. मी रोज तिथे नसणार. म्हणून जे काही बसवायचं ते एका बटणावर आलं पाहिजे.

मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारं एसडी कार्ड, म्हणजे एमएक्स४एसआयओ. हा पर्याय मला सुरुवातीला सगळ्यात आवडला होता. लहानसा अडॅप्टर, ना केबल ना दुसरा संगणक, वेग यूएसबीपेक्षा जास्त आणि डिस्कपेक्षा कमी. पण ओपीएलमध्ये तो दुसऱ्या खाचेतच चालतो. पहिल्या खाचेत फ्री एमसी बूटचं कार्ड. मग भावाचं कार्ड कुठे? कन्सोल सुरू झाल्यावर पहिलं कार्ड काढून तिथे भावाचं लावता येतं, किंवा त्याचे सेव्ह बूटच्या कार्डात कॉपी करता येतात. दोन्ही ताईला नको होतं. ती म्हणाली, "त्याच्याच कार्डावरून चाललं पाहिजे. तो आल्यावर कार्ड हातात घेऊनच खेळायला बसेल." तांत्रिक दृष्टीनं कॉपी आणि मूळ यांत काही फरक नाही, हे मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण तिची अट पूर्ण करणं शक्य होतं. शिवाय कंट्रोलर आणि मेमरी कार्ड ज्या वाटेनं कन्सोलशी बोलतात तीच वाट हे एसडी कार्डही वापरतं. काही गेमना ही गर्दी मानवत नाही.

जाड मॉडेल आणि आतली हार्ड डिस्क. ज्याच्याकडे जाड यंत्र आहे त्यानं दुसरीकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे. वेग भरपूर, जोडण्या यंत्राच्या पोटात, नेटवर्कची भानगड नाही. पण इथे यंत्र बारीक होतं. दुसरं जुनं यंत्र शोधा, त्याची लेन्स, पंखा, घड्याळाची बॅटरी तपासा, अडॅप्टर मिळवा, हे सहा आठवड्यांत बसणारं काम नव्हतं. आणि लहानपणी ज्याच्यावर दोघं खेळली ते हेच यंत्र होतं. ते बदललं असतं तर मग एवढा खटाटोप कशासाठी?

राहिलं नेटवर्क. इथरनेट १०० मेगाबिटचं, म्हणजे कागदावर सेकंदाला साडेबारा एमबी, डिस्कच्या दुपटीहून जास्त. पण वायर रुंद असून भागत नाही, पलीकडे उचलणारा हात किती चपळ हेही बघावं लागतं. प्लेस्टेशन २ मध्ये यूएसबी, नेटवर्क, मेमरी कार्ड यांची ये-जा आयओपी नावाचा दुय्यम प्रोसेसर सांभाळतो. मूळ यंत्रांत तो सुमारे ३७ मेगाहर्ट्झचा, २ एमबी मेमरीचा, आणि गेमचे स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे छोटे प्रोग्रामही, त्याच २ एमबीत राहतात. नंतरच्या बारीक यंत्रांत चिप बदलली, तरी जुन्याच आयओपीसारखं वागणं तिला भाग असतं. एवढ्याशा जागेत नेटवर्कचं सगळं ओझं उचलायचं. म्हणून नेटवर्कवरून कुठल्या भाषेत बोलायचं, हे वायरीइतकंच महत्त्वाचं ठरतं.

त्या भाषा दोन. एक एसएमबी, संगणकांमध्ये फोल्डर वाटून घेण्याची नेहमीची पद्धत. कन्सोल म्हणतो, "अमुक फाइल उघड, तमुक ठिकाणापासून एवढं दे." फाइल डिस्कवर कुठे पसरली आहे ही काळजी संगणकाची. सोयीचं, पण टीसीपी (हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणारी नेटवर्कची पद्धत) आणि त्यावर एसएमबी असं दुहेरी ओझं आयओपीवर येतं. दुसरी यूडीपीबीडी. इथे संगणक फाइल वगैरे काही ओळखत नाही. तो फक्त आपल्या डिस्कचे ठोकळे क्रमांकानं देतो, आणि फाइल कुठे आहे हे कन्सोल स्वतः एक्सफॅट वाचून शोधतो. कन्सोलच्या दृष्टीनं ती जणू लांब वायरीवरची यूएसबी डिस्कच. टीसीपीचं ओझं नाही, त्यामुळे एसएमबीपेक्षा बराच जास्त वेग मिळतो. बदल्यात वायर स्वच्छ लागते, कारण यूडीपी या हलक्या पद्धतीमध्ये हरवलेलं पाकीट पुन्हा मागवण्याची हमी मुळात नसते.

मी एसएमबी निवडलं. ते मला माहीत होतं, आणि ओपीएलमध्ये ते अनेक वर्षं मुरलेलं आहे.

काय केलं: घरच्या संगणकावर एसएमबी

ओपीएलला एसएमबीची पहिली, जुनी आवृत्तीच समजते. विंडोजनं ती २०१७ च्या शरदातल्या आवृत्तीपासून मुळातून बंद करून दिली आहे. त्याआधी मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूनं याच जुन्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या त्रुटीतून जगभर संगणक कुलूपबंद केले होते. हे मला ठाऊक होतं. तरीही "एक संध्याकाळच तर आहे, बघू चालतं का" म्हणून ताईच्या घरच्या संगणकावर मी ते चालू केलं. त्याच संगणकावर तिच्या घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रं होती.

फक्त गेमचा फोल्डरच वाटलाय, बाकी काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो विचार चुकीचा होता. वॉनाक्रायनं वापरलेली त्रुटी फोल्डरच्या परवानगीत नव्हती. फोल्डर वाटणाऱ्या सेवेतच ती होती. सेवा चालू म्हणजे दार आहे, मग आत एकच खोली उघडी ठेवली म्हणून काय झालं. त्रुटीवरचा उपाय मार्च २०१७ मध्येच आला होता आणि ताईचा संगणक अद्ययावत होता, त्यामुळे तो जुना हल्ला इथे चालला नसता. पण बनवणारेच वापरू नका म्हणतात ती गोष्ट घरच्या मुख्य संगणकावर उघडी ठेवणं बरोबर नव्हतं. आज असा प्रसंग आला तर मी एका संध्याकाळीपुरतंही ते करणार नाही.

ते चाललंही धड नाही. टीव्ही एका खोलीत, राउटर दुसऱ्या. मधे इथरनेटची जागा असलेला वायफाय रिपीटर होता, त्यातून कन्सोल जोडला. फुटबॉल बरा चालला. कथेच्या गेममध्ये चित्रफीत कधी सुरळीत, कधी अडकत. वायफायवर सरासरी वेग पुरेसा दिसतो, पण मधेच एखादा क्षण सगळं थांबतं, आणि चित्रफितीला तोच क्षण नडतो. लांब केबल टाकून बघितली तेव्हा फरक लगेच दिसला.

मग तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "काल बघितलं तर गेमची यादीच रिकामी." मधले बरेच दिवस तिला खेळायला वेळ मिळाला नव्हता. शोधल्यावर कळलं की विंडोजमध्ये जुन्या एसएमबीच्या खाली आपोआप काढून टाकण्याचाही एक खुणेचा चौकोन असतो. एकूण १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज ते स्वतः काढून टाकतं. त्या चौकोनातली खूण मी तशीच सोडली होती.

ती खूण काढून पुन्हा चालू करणं पाच मिनिटांचं काम होतं. माझा हात त्यावर गेलाही. मग थांबलो. गेम अचानक बंद पडला, ताईला कारण कळायला मार्ग नव्हता, आणि दुरुस्तीसाठी मलाच यावं लागलं. रोज कोण चालवणार, हा कागदावर लिहिलेला प्रश्न मी पाळलाच नव्हता. त्या संध्याकाळी जुनं एसएमबी पुन्हा चालू केलं नाही, त्या संगणकावर ते कायमचं बंद राहू दिलं. या प्रकरणात मागे वळून पाहताना सगळ्यात योग्य वाटणारा निर्णय हाच.

काय केलं: टीव्हीमागचा लहान संगणक

माझ्याकडे एक रास्पबेरी पाय, म्हणजे हाताएवढा लहान संगणक, पडून होता. त्याला यूएसबी डिस्क लावली, टीव्हीमागे बसवला आणि एका हातभर केबलनं थेट कन्सोलला जोडला. राउटर नाही, वायफाय बंद. दोघांना हातानं ठरवून पत्ते दिले, १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.१२, कारण पत्ते वाटणारं तिथे कुणी नव्हतं. आतल्या तारा उलटवलेली क्रॉसओव्हर केबल लागत नाही, पायचं पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच जुळवून घेतं.

त्यावर सांबा, म्हणजे एसएमबीनं फोल्डर वाटून देणारं सॉफ्टवेअर, बसवलं. सांबाही ४.११ पासून जुनी भाषा मुळात बंद ठेवतं, ती सेटिंगमध्ये किमान आवृत्ती एनटी१ अशी लिहून उघडावी लागते. इथे ती उघडताना मनात शंका नव्हती. केबलच्या दुसऱ्या टोकाला फक्त एक प्लेस्टेशन होता, डिस्कवर गेमशिवाय काही नव्हतं, आणि इंटरनेटपर्यंत जाणारी वाटच नव्हती. घरच्या संगणकावर जी गोष्ट धोक्याची, ती इथे निर्धोक. फरक जागेचा आहे.

बटणाचा प्रश्न राहिला. ताई खेळ संपला की सगळं एका स्विचनं बंद करणार, हे उघड होतं. पायची वीज अशी तोडली की त्याचं एसडी कार्ड कधीतरी खराब होतं. म्हणून त्याची मूळ फाइल-व्यवस्था फक्त वाचण्यापुरती केली. पायच्या रास्पीकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरलेची सोय आहे, ती चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही. पाय आणि कन्सोल विजेच्या एकाच पट्टीवर जोडले. स्विच दाबायचा, पाय जागा व्हायला थोडा वेळ द्यायचा, मग कन्सोल सुरू करायचा.

तीन दिवस ताई एकटीनं खेळली. फुटबॉल उत्तम, समालोचनासकट. शर्यत उत्तम. कथेच्या गेममध्ये सुरुवातीच्या चित्रफिती गुळगुळीत, पण दोन जागी, जिथे चित्रफीत चालू असतानाच पुढचा भाग मागून लोड होतो, तिथे आवाज क्षणभर तुटायचा.

पुढचा निर्णय: इथेच थांबायचं का?

भाऊ यायला दहा दिवस राहिले होते. फुटबॉल चालत होता, आणि मूळ मागणी तीच होती. चालतंय त्याला हात लावू नये, असं माझं मन सांगत होतं. ताईचं मत निराळं. "तो गेम मी एकटीनं पूर्ण करणार आहे. तुटका आवाज मला चालणार नाही. पण फुटबॉल बिघडला तर तुला सोडणार नाही."

तोडगा असा काढला. पायच्या यूएसबी डिस्कचे दोन भाग केले. पहिल्यावर सांबा जसं होतं तसं. दुसरा भाग एक्सफॅट, त्यावर फक्त कथेचा गेम, आणि तो यूडीपीबीडीनं द्यायचा. एकच भाग दोन्हींना दिला नाही, त्याचं कारण सांगतो. एसएमबीत फाइल-व्यवस्थेचा मालक एकच असतो, संगणक. यूडीपीबीडीत ती मालकी कन्सोलकडे जाते. तोच भाग त्याच वेळी पायवरही उघडा असेल आणि एकानं काही लिहिलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. दोघंही आपापल्या आठवणीतल्या नकाशावर विसंबतात, आणि डिस्कवरची नोंद मोडते. म्हणून दुसरा भाग पायवर कधीच माउंट करायचा, म्हणजे उघडायचा, नाही, नवा गेम भरायचा तर सगळं बंद करून डिस्क संगणकाला लावायची, असा नियम केला. ताईनं तो डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवला.

यूडीपीबीडी असलेली ओपीएलची प्रायोगिक आवृत्ती मेमरी कार्डावर दुसऱ्या नावानं ठेवली, म्हणजे जुनी आवृत्ती हलली नाही. ज्या दोन जागी आवाज तुटत होता तिथे आता काहीच कळत नव्हतं. लोड व्हायचा वेळही मूळ डीव्हीडीपेक्षा कमी वाटला.

हे बघून मला हुरूप आला आणि शर्यतीचा गेमही मी तिकडे हलवला. तो मधल्या एका पडद्यावर हँग व्हायला लागला, दर वेळी त्याच जागी. एसएमबीवर तो तिथे कधी थांबला नव्हता. काही गेम ड्राइव्हच्या मूळ वेगावर विसंबून लिहिलेले असतात. माहिती अपेक्षेच्या आधी येऊन पोहोचली तर त्यांचा ताल चुकतो. ओपीएलमध्ये यासाठीच पहिल्या क्रमांकाचा मोड आहे, तो मुद्दाम खऱ्या ड्राइव्हच्या चालीनं माहिती देतो. तो लावला आणि गेम सुरळीत चालला. पण मग जलद वाटेवर आणून त्याला पुन्हा हळू करण्यात काय मिळवलं? शर्यतीला वेगाची गरज कधीच नव्हती. मी तो परत एसएमबीवर ठेवला.

सेव्हचं काय, हा शेवटचा प्रश्न. ओपीएलमध्ये आभासी मेमरी कार्ड ठेवता येतं, म्हणजे सेव्ह डिस्कवरच्या एका फाइलीत जातो. जागेची चणचण असेल तर ही सोय फार उपयोगाची. इथे ती बंदच ठेवली. ताई स्विचनं वीज तोडणार, आणि सेव्ह लिहिला जात असताना ती तुटली तर अख्खी कार्डाची फाइल हातची जाऊ शकते. खरं कार्डही त्या क्षणी काढलं तर बिघडतं, पण पडद्यावर "कार्ड काढू नका" असं लिहून येतं तेव्हा थांबायचं असतं, हे या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. ती सवय कामाला आली.

परिणाम

भाऊ आला त्या दिवशी मी तिथे नव्हतो, आणि माझी गरजही पडली नाही. ताईनं स्वतः स्विच दाबला, यादीतून गेम निवडला, दुसऱ्या खाचेत त्याचं कार्ड होतं. आठवा हंगाम उघडला. दोघांनी तो चार रात्रींत संपवला, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं.

त्यानंतर मला दोनदा बोलावणं आलं. एकदा केबल सैल झाली होती. दुसऱ्या वेळी तिनं वाचता न आलेल्या तीन डिस्कपैकी एक दुसऱ्या ड्राइव्हवर हळू वेगानं वाचून घेतली होती आणि ती कुठल्या भागात ठेवायची हे विचारायचं होतं. मी उत्तर देण्याआधी तिनंच सांगितलं, "यात चित्रफिती फार आहेत. म्हणजे दुसऱ्यात ना?"

वेगळं काय करता आलं असतं

पेन ड्राइव्हवर गेलेला पहिला आठवडा वाचला असता. तीन गेमची नावं लिहून प्रत्येकापुढे "ओंजळ" की "धार" एवढं जरी मी पहिल्याच दिवशी लिहिलं असतं, तर धारेच्या गेमला यूएसबी १.१ पुरणार नाही हे साध्या भागाकारानं कळलं असतं.

घरच्या संगणकावरचं जुनं एसएमबी करायलाच नको होतं. पाय माझ्या कपाटात पहिल्या दिवसापासून होता. तो काढून बसवायचा एका दुपारचा कंटाळा मी केला, आणि त्यापायी ताईचा संगणक दोन आठवड्यांहून जास्त काळ उघडा राहिला.

दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या, याबद्दल मी अजून पूर्ण निःशंक नाही. सगळं यूडीपीबीडीवर नेऊन अडणाऱ्या गेमला मोड लावला असता तर एकच यादी, एकच आवृत्ती राहिली असती आणि ताईला दोन चिन्हांतून निवडावं लागलं नसतं. वेळ हाताशी असता तर मी तसंच केलं असतं. दहा दिवसांत, चालू असलेला फुटबॉल न हलवता, जे जमलं ते हे.

एमएक्स४एसआयओ मी केवळ खाचेच्या कारणानं सोडला, आणि ज्याच्याकडे जपायचं दुसरं कार्ड नाही त्यानं तो आधी बघावा असं सांगेन. त्याच्या वेगाचा कस मात्र चित्रफितींच्या गेमवरच घ्यावा, मेनूवर नाही.

भाऊ जाताना सेव्हची प्रत असलेला पेन ड्राइव्ह सोबत घेऊन गेला. मूळ कार्ड ताईकडेच आहे, दुसऱ्या खाचेत, नववा हंगाम सुरू करून ठेवलेलं.